काळ्या बाहुलीची तार

"…पण बाबा, पाय त्याचा घसरला. त्यात माझा काय दोष?"

मल्लिनाथ ठेकेदाराने पुन्हा तेच विचारलं.

यल्लाप्पा गवंडी इमारतीवरून पडून कमरेखाली लुळा झाला होता. उद्या कामगार न्यायालयात तारीख होती. 'हा माणूस माझ्याकडे कामाला नव्हताच,' एवढंच मल्लिनाथला तिथं म्हणायचं होतं. वकिलाने त्याच्याकडून घोकवून घेतलं होतं. मग भरपाईचा प्रश्नच मिटला असता. तरी डोळ्याला डोळा लागेना, म्हणून तो सकाळी सकाळी गावाबाहेरच्या तकियात, नूरशा फकिराकडे आला होता. लहानपणापासून याच ओट्यावर तो चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकायचा. ऐकायचा आणि विसरायचा.

फकीर तुटक्या चपलेचा अंगठा शिवत बसला होता. म्हातारा ऐकतोय की नाही, तेच कळेना.

"मी काही कमी केलं नाही, बाबा. पायाभरणीला पूजा घातली. नजर लागू नये म्हणून वर काळी बाहुली टांगली."

"आहे अजून?"

"आहे की! वादळात पत्रे उडाले, बाहुली जागची हलली नाही." मल्लिनाथची छाती फुगली. फुगायला त्याला निमित्त लागत नसे.

"कशानं बांधलीस?"

"नव्या तारेनं. दुहेरी पीळ देऊन. स्वतः वर चढून बांधली. पडली तर अपशकुन…"

"आणि यल्लाप्पा उभा होता ती बांबूंची परांची?"



"…काथ्यानं," मल्लिनाथ हळूच म्हणाला. "मागच्या साइटवरचा होता. भिजून कुजलेला."

फकिराने सुई खाली ठेवली. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं मल्लिनाथला वाटलं. म्हाताऱ्याने नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला. एवढा मोठा ठेकेदार, हमसून हमसून रडला.

मग त्याने बाहीने डोळे पुसले.

"उद्या खरं तेच सांगेन, बाबा. जे द्यायचं ते देईन. पण यल्लाप्पाच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?"

फकिराने चपला पायात सरकवल्या.

"चल, मल्लू. त्याला उचलून उन्हाला बसवायला दोघं लागतात. एका बाजूनं मी धरतो."