कासारणीचा 'पुट ऑफ'

नदीकाठच्या एका गावात वैजयंता नावाची एक कासारीण राहायची. ओसरीवर बसून ती गावच्या बायकांना बांगड्या भरायची. शिक्षण सातवीपर्यंतच. पण आपल्या आईला सगळं येतं, असं तिची लेक दुर्वा समजायची. वैजयंतालाही ते गोड वाटायचं.

एकदा शाळेतून आल्या आल्या दुर्वाने विचारलं, "आई, 'पुट ऑफ करणं' म्हणजे काय गं? उद्या बाई विचारणार आहेत."

वैजयंता गडबडली. 'पुट' म्हणजे ठेवणं, हे तिला ठाऊक होतं. 'ऑफ' तर पंख्याच्या बटणावरच लिहिलेलं. पण दोन्ही जोडून काय होतं? येत नाही म्हटलं तर पोरीच्या नजरेतून उतरू, अशी तिला धास्ती वाटली.

"गिऱ्हाईक बसलंय ना. मग सांगते," ती म्हणाली.

हात बांगड्या भरत होते, डोक्यात तो शब्द फिरत होता. ठेवून बंद करायचं, की बंद करून ठेवायचं? तेवढ्यात समोर बसलेल्या सोनाक्काच्या हातातली बांगडी कट्कन वाढली.

"लक्ष कुठंय गं तुझं?" सोनाक्का म्हणाली. "हात माझा आहे, लाकूड नाही."

दिवेलागणीला दुर्वाने पुन्हा विचारलं. "भाकरी करपेल, जेवताना सांगते." जेवताना म्हणाली, "आधी ताटातलं संपव, सकाळी सांगते." सकाळी वेणी घालता घालताच शाळेची घंटा झाली.

पोर गेली आणि वैजयंताला चैन पडेना. पोरीला बोलणी बसली तर? आणि त्या शब्दाचा अर्थ तरी काय असेल? बांगड्यांची पेटी तशीच टाकून ती शाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

आत बाई सांगत होत्या, "पुट ऑफ करणं म्हणजे आजचं काम पुढे ढकलणं. दुर्वा, तुमच्या घरात असं कोण करतं, सांग बघू."

दुर्वा उठली. तिला खिडकीत आई दिसली. मान खाली घालून ती म्हणाली, "मीच, बाई. मी अंघोळ पुढे ढकलते."

वर्ग हसला. वैजयंताला मात्र खरं ठाऊक होतं. रोज न सांगता अंघोळ करणारी पोर, आईला झाकायला खोटं बोलली. म्हणजे तिला सगळं कळलं होतं.

ती दारात आली. "बाई, पुढे ढकललं ते मी. तिने मला अर्थ विचारला, मला येत नव्हता, आणि तसं सांगायची लाज वाटली."

या वेळी कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "आत या ना. इतकं खरं उदाहरण या वर्गात कुणी दिलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी दुर्वाने नवा शब्द आणला. "आई, 'पुट ऑन' म्हणजे?"

"मला नाही ठाऊक. चल, बाईंना विचारून येऊ," म्हणत वैजयंता लगेच उठली.

उत्तर ऐकून दोघी हसत परतल्या. पुट ऑन म्हणजे अंगावर घालणं, हातात बांगडी घालावी तसं.

"अगंबाई, म्हणजे मी दिवसभर हेच करते की," वैजयंता म्हणाली.

तात्पर्य: येत नसेल ते येत नाही म्हणून सांगावं आणि लगेच विचारावं, आईबाप लपवू लागले की मुलंही लपवायला शिकतात.