सावळीचं शिंगरू

“शिंगरू इथंच बांध, इनास. मिरवणुकीत मधेमधे लुडबुडेल आणि सगळी शोभा जाईल!” चर्चमध्ये बायबल वाचणारा जोकीम कुजबुजला. जनावरं माणसांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. सावळी गाढवी फारशी बोलत नसे, पण तिचे कान काही लहान नव्हते.

झावळ्यांचा रविवार होता, येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला त्याची आठवण म्हणून निघणाऱ्या मिरवणुकीचा दिवस. पांढरा झगा घालून येशू झालेला इनास सावळीच्या पाठीवर बसला. लोकांनी झावळ्या उंचावल्या, गाणं सुरू झालं. मागं खुंटाला बांधलेलं दूधपितं शिंगरू ओरडू लागलं, तशी सावळी जागीच थांबली.

“चल गं बाई, लोक खोळंबलेत,” इनास गयावया करू लागला.

“तिला काय विनवतोस? देवानं माणसाला जनावरांवर सत्ता दिलीय!” जोकीमनं काठी उगारली.

सावळीनं आधी काठीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“जोकीमबाबा, आजचा उतारा दरवर्षी तुम्हीच वाचता ना? प्रभूनं शिष्यांना सांगितलं, गाढवी आणि तिचं शिंगरू, दोघांनाही सोडून आणा. सत्ता असूनही त्यानं आईला लेकरापासून तोडलं नाही. तेव्हा आधी तो दोर सोडा, मग मी निघते.”