जोडे झटकायचं फाटक

रात्रभर एकच वाक्य डोक्यात घोळत राहिलं होतं. सकाळी चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी वृंदाने ते फाटक पाहिलं. जर्मनीतल्या मोझेल नदीच्या वळणावर, होल्डरबेर्गच्या द्राक्षटेकडीच्या पायथ्याशी, कमरेएवढं लाकडी फाटक आणि त्याला लागून एक दगडी बाक, मधोमध झिजून खोलगट झालेला. टेकडीवरून उतरणारा माणूस या बाकावर बसतो, जोडे काढतो, उलटे करून झटकतो आणि मगच फाटकाबाहेर पडतो. गावचा पाद्री असो की घड तोडायला आलेला मजूर, यातून कुणाची सुटका नाही.

आणि ते वाक्य असं होतं: 'जुई इथे एकही शब्द बोलत नाही.' बालवाडीच्या बाईंनी ते चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, खाली सही करून. पाच वर्षांची जुई घरी मराठीत तोंड मिटत नसे. बालवाडीच्या दारात शिरली की मुकी. जर्मनीत येऊन सात महिने झाले तरी तेच. वृंदाच्या नवऱ्याचं, श्रीरंगचं म्हणणं होतं की वर्षभर तिला नाशिकला त्याच्या आईवडिलांकडे ठेवावं. तिथल्या शाळेत जागा धरून ठेवली होती, सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आज शनिवार. आणि नेमकी आजच त्याला द्राक्षमळे दाखवायची हुक्की आली, यात वृंदाला काहीतरी काळंबेरं वाटत होतं. मोकळी हवा, पोटात वाइनचे दोन घोट, की बायको हो म्हणेल, असा बेत असणार. की आपल्यालाच आजकाल सगळ्यात बेत दिसतात? तेही शक्य होतं. शेतकी पदवी घेतलेली बाई, मुलं कशी वाढवावीत यावरची सहा पुस्तकं वाचलेली, आणि पोरगी गप्प.

टेकडी दाखवायला थेकला ब्रुक नावाच्या आजीबाई आल्या होत्या. पंचाहत्तरीच्या, पण उतारावर शेळीसारख्या. मधला मळा त्यांच्याच घराण्याचा. त्या सावकाश जर्मन बोलत. वृंदाला बरंचसं कळे, अडेल तिथे श्रीरंग मराठीत सांगे. जुईला काही कळत असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. ती वाकून वाकून दगड बघत मागून येत होती.

वृंदा निफाडकडची. वडिलांच्या द्राक्षबागेत लहानाची मोठी झालेली. त्यामुळे इथलं काहीच तिच्या पचनी पडेना. मांडव नाही, तारा नाहीत. प्रत्येक वेल आपापल्या खांबाला बांधलेली, तिच्या काड्या वाकवून खाली आणलेल्या. उतार म्हणावा तर भिंतच. आणि पायाखाली निळसर काळ्या पाटीच्या दगडाच्या कपच्याच कपच्या.

"माती कुठे आहे?" तिने विचारलं.

"खाली आहे थोडी," थेकलाबाई म्हणाल्या. "पण द्राक्षं दगडावर पिकतात."

"दगडावर कशी पिकतील?"

थेकलाबाईंनी तिचा हात धरला आणि एका कपचीवर टेकवला. ऑक्टोबरचं ऊन, अगदी मिळमिळीत. पण दगड मघाशी उतरवून ठेवलेल्या तव्यासारखा ऊबदार होता. टेकडीचं तोंड दक्षिणेला, त्या सांगू लागल्या. नदी खालून आरशासारखं ऊन वर फेकते. दगड ते दिवसभर पितो आणि गारठा पडला की वेलींना परत देतो. हा दगड नसता तर इतक्या उत्तरेला एक मणी गोड झाला नसता.

वृंदाला वडिलांच्या, अण्णांच्या, बागेतल्या शेकोट्या आठवल्या. निफाडला पारा उतरला की घडांना ऊब मिळावी म्हणून बागेत जाळ करायचे. दगडापुरता तिचा विश्वास बसला. मग बाईंनी आख्यायिका सुरू केली, तेव्हा मात्र तिने कान टवकारले. ज्या गोष्टीच्या शेवटी वाइनच्या बाटल्या मांडलेल्या असतात, ती जरा पारखूनच घ्यावी.

असं सांगतात, की तीनशे वर्षांपूर्वी ही टेकडी उघडीबोडकी झाली होती. गावात घर बांधायचं म्हणजे छपराला पाटीचा दगड हवा, आणि तो आयता उतारावर पडलेला. खाण कोण खणणार? आजोबांनी नेला, बापाने नेला, नातवाने नेला. गावची छपरं ऐटदार झाली आणि टेकडी गार पडली. सलग तीन वर्षं द्राक्षं आंबट राहिली. वाइन म्हणून जे निघालं ते म्हणे घोड्यांनीही तोंडात धरलं नाही.

छपराकडे मात्र कुणी पाहिलं नाही. गावाने माणसांकडे पाहिलं. नदीपलीकडून आलेली आपोलोनिया नावाची एक विधवा गावात राहत होती. तिचा नवरा छपरं शाकारणारा होता, छपरावरूनच पडून गेलेला. पदरी चार वर्षांची मुलगी. बाई परकी, तिची बोली वेगळी, मुलगी कुणाशी बोलत नाही. हिनेच टेकडीला काहीतरी केलं, असं ठरलं.

"मुलगी बोलत नव्हती?" वृंदाने मध्येच विचारलं, आणि श्रीरंगकडे पाहिलं. हे याने आधी सांगून ठेवलं असेल का? श्रीरंग मात्र तिच्याइतकाच चपापलेला दिसला.

"असं सांगतात," थेकलाबाई म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

गावकरी तिला हाकलायला जमले, तेव्हा आपोलोनियाने म्हणे चर्चच्या पायरीवर शपथ घेतली. सुगीपर्यंत मुदत द्या, टेकडीचा एक तुकडा मी गोड करून दाखवते. तिच्या नवऱ्याने फुटक्या पाट्यांचा ढीग घरामागे टाकला होता. त्या ढिगात उगवलेल्या एका रानवेलीची द्राक्षं तेवढी पिकतात, हे तिने पाहून ठेवलं होतं. तो ढीग तिने पाठीवरच्या टोपलीतून वर नेला. पुरला नाही. मग ती शिडी लावून स्वतःच्या घरावर चढली आणि छपराची एकेक पाटी काढून वर वाहू लागली. वसंतात अर्धं छप्पर गेलं. उन्हाळ्यात नुसते वासे उरले. सुगी आली तेव्हा सगळ्या टेकडीवर एकच तुकडा पिवळाधमक झाला होता. त्याचा पहिला घड पाद्र्याने चाखला आणि म्हणे टोपी काढली. त्या हिवाळ्यात प्रत्येक घराने आपल्या छपराची एक ओळ उतरवून टेकडीला परत केली, आणि गावाने शपथ घेतली की यापुढे या टेकडीवरून बोटभर कपचीसुद्धा खाली जाणार नाही.

थेकलाबाईंनी खाली बोट दाखवलं. जुन्या घरांच्या छपरांवर सगळ्यात खालची ओळ लाकडी फळ्यांची होती.

वृंदाने ती पाहिली. पण तिचं मन उघड्या वाशांपाशीच अडकलं होतं. हिने छप्पर काढलं, ठीक. खाली चार वर्षांचं लेकरू होतं, त्याचं काय? कुठली आई असं करते? आणि मग, नको असताना, स्वतःचं घर आठवलं. नाशिकमधलं सगळं गुंडाळून, आजी-आजोबांच्या कडेवरून पोरीला उतरवून इथे आणणारी कोण होती?

"पाऊस आला असेल ना उन्हाळ्यात?" तिने विचारलं. "त्या मुलीचं काय झालं?"

थेकलाबाई थांबल्या. "पुरुष विचारतात, किती पाट्या लागल्या. आया हेच विचारतात."

"मग काय सांगता?"

"माझी आजी सांगायची, मुलीला ताप आला आणि ती गेली. वडील सांगायचे, ठणठणीत राहिली, पुढे नऊ मुलांची आई झाली. मी समोर कोण आहे ते बघून सांगते."

"म्हणजे खरं काय ते तुम्हालाही ठाऊक नाही."

"नाही."

"आणि आज कोणतं सांगणार होतात?"

बाईंनी तिच्याकडे आणि मग मागे उकिडव्या बसलेल्या जुईकडे पाहिलं. "आज माझं ठरत नाहीये," त्या म्हणाल्या.

हेही शिकवून ठेवलेलं वाक्य असेल, असं वृंदाला वाटलं. तरी त्या बाईबद्दलचा तिचा संशय पहिल्यांदा थोडा सैल झाला.

वरच्या दगडी ओट्यावर थेकलाबाईंनी पेले भरले. जुईला द्राक्षाचा रस. वृंदाने आधी तो हुंगून, मग चाखून पाहिला, श्रीरंग हसला. "अगं, रसच आहे तो." वाइनचा घोट घेतला तर आधी लिंबाच्या सालीचा झटका, मग हिरवं सफरचंद आणि अगदी शेवटी, गिळल्यानंतर, ओल्या फडक्याने पुसलेल्या शाळेच्या पाटीचा वास. हा वास मात्र कुणी शिकवून ठेवलेला नव्हता.

"सोमवारचं बोलायचं का?" श्रीरंगने हळूच विचारलं. "आईला फोन करतो खाली गेल्यावर. तिकडे निदान बोलेल तरी ती."

"तू मला यासाठीच आणलंस ना इथे?"

"हो," तो म्हणाला. "घरी आपण नीट बोलत नाही."

इतका सरळ कबुलीजबाब मिळाल्यावर भांडायलाही काही उरलं नाही. वृंदा उतरू लागली. खाली बाकावर बसून तिघांनी जोडे झटकले. श्रीरंगच्या बुटांतून मूठभर चुरा निघाला. जुईने बूट काढले, झटकले आणि घाईने पुन्हा चढवू लागली. तिच्या डाव्या मोज्याला घोट्यापाशी चांगला आवळ्याएवढा फुगवटा होता.

"जुई, मोज्यात काय आहे?"

जुईने मान हलवली. काही नाही.

वृंदाची कानशिलं तापली. पोरगी बोलत नाही ते नाही, आता चोरीही. "अगं, काढ ते. आजींनी काय सांगितलं, कळलं नाही का तुला?" म्हणता म्हणता तिला जाणवलं, आजींनी सांगितलं ते सगळं जर्मनमध्ये होतं. कळणार कसं?

थेकलाबाईंनी हाताने तिला थांबवलं. गुडघे धरत त्या जुईपुढे खाली बसल्या. श्रीरंगने फोन काढला होता, तो तसाच हातात राहिला. बाईंनी तळहात पुढे केला आणि रोज शेवटी जे सांगत असतील ते सांगू लागल्या, "आजही, पोरी, या टेकडीवरून खाली जाणारा प्रत्येक जण..."

"त्या मुलीची आई खाली यायची का?" जुईने विचारलं. जर्मनमध्ये. आवाज घोगरा, या भाषेत पहिल्यांदाच बाहेर पडलेला. "संध्याकाळी? तिच्याजवळ झोपायला?"

थेकलाबाईंनी वृंदाकडे पाहिलं नाही. "रोज," त्या म्हणाल्या. "हे मात्र सगळेच सांगतात."

जुईने विचार केला. मोज्यात बोटं घालून निळसर कपची बाहेर काढली, अंगाच्या उबेने ऊबदार झालेली, आणि बाईंच्या हातावर ठेवली. श्रीरंगने फोन खिशात टाकला.

"मग तिला ताप नाही आला," जुई म्हणाली.