परतीचा आवाज

“मग ती बाई मधेच थांबली कशानं?” साउंड केबिनचं दार लोटून आत येत मुजावर उस्तादांनी विचारलं.

“घाबरली असेल,” सौमित्र म्हणाला. “खेड्यातली बाई. समोर एवढे साहेब.”

उस्ताद मिक्सरवरची बटणं न्याहाळू लागले.

साखर कारखान्याचा बॉयलर फुटून माणसं गेली होती. त्याची चौकशी आज काचेपलीकडच्या मीटिंग हॉलमध्ये झाली. हौसाबाईंचा नवरा त्यातच गेला, आणि दोषही त्याच्याच माथी मारला जात होता. मेलेलं माणूस उलटून बोलत नाही, हे साहेबांना चांगलं ठाऊक असतं.

हौसाबाई गावातूनच, कानाला हेडफोन लावून, व्हिडिओवर साक्षीला बसल्या होत्या. “व्हॉल्व्ह गळतोय म्हनून ह्यांनी आदीच सांगितलं हुतं,” एवढं त्या म्हणाल्या. कुणाला सांगितलं होतं, असं अध्यक्षांनी विचारलं.

“त्यांनी… त्यांनी…” बाई अडखळल्या आणि गप्प झाल्या.

साक्षीदाराला आणखी काही सांगायचं नाही, असं अध्यक्षांनी लिहून घ्यायला लावलं. चौकशी संपली. चहा आला.

सौमित्रची कॉलर मात्र ताठ होती. उस्तादांच्या हाताखाली शिकून एकट्यानं सांभाळलेलं हे त्याचं आवाजाचं पहिलंच काम. स्पीकरला शिट्टी नाही, खरखर नाही.

“उस्ताद, मी कुणावर अन्याय नाही केला. प्रत्येकाचा आवाज प्रत्येकाला पोचवला.”

“प्रत्येकाला?”

“एकूण एक.”

उस्तादांनी मिक्सरवरची दोन बटणं फिरवली. हेडफोन सौमित्रच्या कानांवर चढवला, माईक त्याच्यापुढे सरकवला.

“बोल. आज काय झालं ते सांग.”

“आज चौकशीत…” सौमित्रनं सुरुवात केली, आणि क्षणभर उशिरानं त्याचाच आवाज त्याच्या कानात आला. आज चौकशीत… कुणीतरी वेडावून दाखवावं तसा. तो पुढं बोलायला गेला, तर मागचा शब्द आडवा आला. जीभ जड झाली.

“हौसा… हौसाबाई…”

तो गप्प झाला.

…

आत्ता त्याच्या लक्षात आलं. गावाकडं जाणाऱ्या आवाजांतून एकच आवाज वगळायचा होता. तिचा स्वतःचा. तेवढाच वगळायचा राहिला, आणि उशिरानं तिच्याच कानात परतत होता. भरल्या सभेत आपली नक्कल चाललीय, असं वाटलं असेल बाईला. नवरा जाऊन महिना झाला नव्हता तिचा.

काचेपलीकडे खुर्च्या सरकू लागल्या. अध्यक्षांनी सहीसाठी पेन काढलं.

“चूक माझी आहे, उस्ताद. बाईला पुन्हा बोलू द्या म्हणून सांगतो साहेबांना.”

तो हेडफोन काढायला लागला. उस्तादांनी त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं त्याचा माईक हॉलच्या स्पीकरला जोडला. स्पीकर खट्ट वाजला आणि हॉलमध्ये सगळ्यांच्या माना केबिनकडे वळल्या.

“काढू नको,” उस्ताद म्हणाले. “असंच, अडखळत सांग.”