शिंप्याच्या दारची वेल

एका शहरात, वेशीच्या अगदी कडेला, एक गोल आळी होती. मधोमध विहीर आणि भोवती घरं. लोक तिला उकिरडा आळी म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. तिथे जो तो सकाळी आपला ओटा लख्ख झाडी आणि केर हळूच शेजाऱ्याच्या हद्दीत लोटून देई. शेजारी तो पुढच्याकडे लोटी. असा तो केर रोज आळीभर फिरे आणि मुक्कामाला तिथेच राही.

याच आळीत एका शिंप्याने स्वस्तात घर घेतलं. आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर! तो इतका हरखला की येता-जाता दाराला हात लावून बघायचा. शिंपीण मात्र नाकाला पदर लावून उभी राहिली.

"दिवाळीपर्यंत बघते," ती म्हणाली. "आळी अशीच राहिली तर हे घर विकायचं आणि गावी परत जायचं. या घाणीत मी लेकरू वाढवणार नाही."

शिंप्याला घर सोडायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजवीकडच्या तेलिणीने केर लोटताच त्याने तो तिच्याच दारात परत लोटला. तेलीण कडाडली. शिंपीही हटेना. भांडणाने आळी दणाणली आणि केर होता तिथेच राहिला.

"अहो, कचऱ्याने कचरा जातो का?" शिंपीण म्हणाली.

पहाटे तिने दारापुढे सडा घातला आणि रांगोळीची वेल काढायला घेतली. पानं, फुलं, कळ्या काढत ती तेलिणीच्या हद्दीपर्यंत गेली आणि टोक अर्धवट सोडून घरात निघून आली.

तेलीण बाहेर येऊन बघते तर वेल तिच्या दाराशी येऊन थांबलेली! "अगं बाई! अर्धी रांगोळी टाकून उठतात का कुठे? ऐन सणाच्या तोंडावर अपशकुन!" पण केरावर रांगोळी काढणार कशी? नाइलाजाने तिने दार झाडलं, सडा घातला, वेल पुढे नेली. हात चालला तशी ईर्ष्याही चढली. चार पानं जास्तच काढून तिने टोक सोडलं ते थेट सोनाराच्या हद्दीवर. "आता बघू त्यांची सून काय करते!"

रोज नवी वेल निघे आणि रोज एखादं दार पुढे जाई. लोटायला जागाच उरली नाही, तसा केर मुकाट्याने वेशीबाहेरच्या खड्ड्यात जाऊ लागला.

शिंपी तर उजाडायच्या आत ओट्यावर हजर! "अगं ए, वेल सोनाराकडे पोचली! अगं, कुंभाराने भिंत सारवली! विहिरीपाशी कुणी झेंडू लावलाय बघ!" या आनंदाच्या भरात त्याने एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

वसुबारसेच्या सकाळी वेल आळीचा फेरा करून शिंप्याच्या घराच्या डाव्या अंगाला आली आणि थांबली. पुढे चिंध्यांचा ढीग होता. बघायला सगळी आळी जमलेली. डावीकडच्या घरची म्हातारी कासारीण चिमटीत रांगोळी धरून म्हणाली, "शिंपीदादा, वेल आता कुठून नेऊ?"

शिंप्याने पाहिलं. कातरण, तुकडे, दोऱ्यांची गुंतवळ, सगळं त्याच्याच हातचं! रोज उजवीकडे डोळे लावून तो उभा राही आणि पायाने कातरण डावीकडे सारत राही. 'वाऱ्याने आलं असेल' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण एवढी दारं ओलांडून आलेली वेल आपल्या खोटेपणापायी अडावी, हे त्याला सोसेना.

"माझंच आहे, आजी. चुकलो," तो म्हणाला आणि पोतं घेऊन वाकला. हसत हसत तेलिणीनेच पोत्याचं तोंड धरलं. जागा झाडली, सडा पडला, आणि शिंपिणीने शेवटचं टोक आपल्या दारच्या पहिल्या पानाला जोडलं. पोरांनी टाळ्या पिटून आळी डोक्यावर घेतली.

"मग, घर विकायचं ना?" शिंप्याने भीत भीत विचारलं.

"विकून तर बघा!" शिंपीण म्हणाली. "उद्याची वेल कुणी सुरू करायची?"

तात्पर्य काय, तर आळी किती सुधारली हे डोळे भरून जरूर बघावं, पण आपला पाय केर कुठे लोटतो आहे, तेही बघावं.