लाल टिकली

“मग जुनी डिस्क टाकून द्यायची नाही तर काय, पूजा करायची तिची?” जयसिंगनं विचारलं.

बाईंनी त्याच्या घरचा कॉम्प्युटर टेबलावर आडवा केला आणि झाकणाचे स्क्रू काढायला लागल्या.

हर्डीकर बाईंनी आम्हाला पॉलिटेक्निकला शिकवलं. निवृत्त झाल्यापासून त्या कराडातल्या घरी, पुढच्या खोलीत, लोकांच्या कॉम्प्युटरमधल्या बिघडलेल्या डिस्क बघतात, त्यात साठवलेलं परत मिळवून देतात. मी माझा प्रिंटर दाखवायला गेलो होतो, म्हणून हा सगळा तमाशा बघायला मिळाला. जयसिंग माझ्याच वर्गातला. आता साखर कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर त्याच्या हाताखाली आहेत. तेव्हापासून तो कुणाचं ऐकून घेत नाही.

दारापाशी खुर्चीत त्याचे वडील बसले होते, आबा. त्यांना लकवा होऊन गेलेला. पाय चालतात, डोकं लख्ख चालतं, जीभ मात्र फार हळू. लकव्यानंतर ते जयसिंगला नुसतं ‘ए’ म्हणून हाक मारतात. मांडीवर त्यांनी कॉम्प्युटरचा कीबोर्ड घट्ट धरला होता.

“तुम्ही फक्त त्यांना सांगा, बाई. हार्ड डिस्क गेली, नवी बसवायला लागतीय. जुनीला हात लावू देत नाहीत. ‘बाई, बाई’ एवढंच धरून बसलेत. म्हणून आणलं तुमच्याकडं.”

“डिस्कला काय झालं?”

“काय व्हायचंय? म्हातारी झाली. चालू व्हायला अर्धा तास. एक फाइल उघडायची म्हटलं की चहा पिऊन यावा. मग निळी स्क्रीन. दुरुस्तीचा प्रोग्राम लावला, मधेच अडकला. वीज बंद करून परत लावला. परत अडकला. परत लावला. आता आतनं टकटक वाजतीय.”

बाईंचा स्क्रू ड्रायव्हर थांबला.

“टकटक वाजायला लागल्यावरसुद्धा लावलास?”

“प्रोग्रामच तसा आहे, बाई. खराब जागा शोधून बाजूला काढतो.”

“आतलं आधी उतरवून घेतलंस?”

“आत आहे काय उतरवायला?”

आबांनी मान वर केली. “रो… ज…”

“रोज पत्ते खेळतात,” जयसिंग म्हणाला. “दुपारभर. दुसरं काय.”

आबांनी मान हलवली. नाही. “मी… रो…”

“हो, कळलं, आबा. नवीत पण पत्ते टाकून देतो.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाच्या तोंडातला घास काढून घ्यावा तसा हा माणूस शब्द काढून घेत होता. पण बाई खोलीत असताना दुसऱ्या कुणी रागवायची गरज पडत नाही.

बाई उठून आबांसमोर गेल्या. वाकून कीबोर्ड पाहिला. अगदी वरच्या ओळीत एका बटणावर लाल टिकली चिकटवलेली होती. बायका कपाळाला लावतात ती.

“ही कुणी लावली?”

“मीच,” जयसिंग खुशीत म्हणाला. “बायकोच्या पाकिटातली. चालू करताना स्क्रीनवर एक मेसेज यायचा. तो आला की आबा हाका मारायचे. मी ऐन कामावर निघालेलो. म्हटलं, आबा, ही टिकली दाबायची. एफ-वन. मेसेज जातो, पुढं चालू होतं. तेव्हापासून हाका बंद.”

“मेसेज काय होता?”

जयसिंग टेबलावरचे स्क्रू गोळा करायला लागला.

“मी विचारलं, मेसेज काय होता.”

“ते… नेहमीचंच. डिस्क निकामी होत आलीय, आतलं दुसरीकडं उतरवून घ्या, डिस्क बदला. पुढं जायचं असेल तर एफ-वन दाबा.”

“आणि तू?”

“मला पुढं जायचं होतं, बाई.”

“गाढवा!”

बाई इतक्या जोरात ओरडल्या की शेजारच्यांच्या खिडकीत डोकी दिसली.

“डिस्क ओरडून सांगत होती. बाप हाका मारून सांगत होता. आणि तू टिकली लावून मोकळा? कुणी शिकवलं तुला हे? मी?”

जयसिंगचाही पारा चढला. “बाई, मी काय आता पोर नाही. कारखान्यात लोक मला सर म्हणतात.”

“इथं म्हणत नाहीत. बस खाली.”

तो बसला. धुसफुसत बसला, पण बसला.

बाईंनी डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. टक… टक… मग घरघर. पडद्यावर किती उतरलं त्याचा आकडा उमटला, हळूहळू चढला आणि एका जागी थांबला.

“बघा, अडकली,” जयसिंग म्हणाला. “काढून परत लावा.” आणि त्यानं स्वतःच वायरीला हात घातला.

बाईंनी स्क्रू ड्रायव्हरची मूठ त्याच्या बोटांवर हाणली.

“आई गं! बाई, हँग झालीय ती! आकडा हलत नाही.”

“वाचतेय ती. एक जागा नीट लागत नाही, म्हणून पुन्हा वाचतेय. आणि पुन्हा. तुला ते मंद वाटतं. सोडून द्यायची असती तर केव्हाच सोडून दिली असती तिनं.”

“मग किती वेळ बसायचं?”

“लागेल तेवढा. सहज देतेय ते आधी घ्यायचं, अडतेय तिथं शेवटी यायचं. मधे वीज तोडायची नाही. तू सारखी तोडलीस.”

पंखा फिरत होता.

“मी…” आबा म्हणाले.

जयसिंगनं तोंड उघडलं. आबांवरची नजर न काढता बाईंनी स्क्रू ड्रायव्हर त्याच्यावर रोखला. तोंड मिटलं.

“मी… रोज…”

बाहेरून एक रिक्षा गेली. आबांच्या कपाळावर घाम आला. जयसिंग खुर्चीत चुळबुळला, घड्याळाकडं बघितलं, छताकडं बघितलं. बाई हलल्या नाहीत.

“…बोल… तो.”

“कुणाशी?”

आबांनी बोट उचललं आणि टेबलावरच्या डिस्ककडं दाखवलं.

पडद्यावर तोवर फाइलींची नावं दिसायला लागली होती. सगळ्या आवाजाच्या. एकेका दिवसाची एकेक.

“बोलायचा सराव घेणाऱ्या मॅडमनी सांगितलं?” बाईंनी विचारलं. “रोज बोला, रेकॉर्ड करा, मग स्वतःच ऐका?”

आबांनी मान डोलावली. त्यांचे डोळे भरून आले होते.

“मग हे मला सांगायचं नाही का!” जयसिंग उसळून म्हणाला. “एवढं होतं तर सांगायचं ना, आबा!”

खरं सांगतो, त्या क्षणी मी प्रिंटर खाली ठेवून त्याला दोन लगावणार होतो. बाईंनी नुसतं पडद्याकडं तोंड फिरवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपार अशीच गेली. आकडा चढायचा, थांबायचा, चढायचा. बाईंनी आबांना चहा दिला, मला दिला. जयसिंगला दिला नाही.

शेवटी टकटक वाढली. बाईंनी उतरवणं थांबवलं.

“सुरुवातीचे महिने गेले,” त्या आबांना म्हणाल्या. “ते आता कुणी आणू शकत नाही. मीसुद्धा नाही. नंतरचं सगळं उतरलं.”

“गेले म्हणजे?” जयसिंगनं विचारलं. “मी दुरुस्ती लावली म्हणून?”

“तू दुरुस्ती लावलीस म्हणून.”

बाईंनी डिस्क सोडवून हातात घेतली. आपल्या मशीनवर उतरलेली शेवटची फाइल लावली.

आबांचा आवाज आला. “ज…”

मग काहीच नाही.

स्पीकर गप्प. आम्ही सगळे वाट बघत बसलो. काहीच नाही.

“अडकलं,” जयसिंग म्हणाला. “खराब जागा आली असणार.”

बाईंनी हात पुढं केला. डिस्क त्यांच्या तळहातावर होती. तिला एकही वायर जोडलेली नव्हती.

जयसिंगनं डिस्ककडं बघितलं. स्पीकरकडं बघितलं. नीट कान दिला तेव्हा आतून कुणीतरी श्वास घेताना ऐकू आलं.

“ज…” स्पीकर म्हणाला. मग परत तो श्वास. “ज… य…”

बाईंनी आवाज बंद केला.

जयसिंग आबांच्या खुर्चीकडं वळला. आबा त्याच्याकडंच बघत होते. कीबोर्ड मांडीवरून घसरला, त्याचं त्यांना भान नव्हतं. सगळा जीव ओठांत आणून त्यांनी सुरुवात केली.

“ज…”

आणि थांबले.

जयसिंगचे ओठ हलले. पुढचं त्याच्या तोंडात तयार होतं.

“एफ-वन दाबू नकोस,” बाई म्हणाल्या.