कासवाची पाहणी

माळावरच्या तळ्याचा कारभार प्राण्यांची सभाच पाहत असे, त्या काळची ही गोष्ट. तळ्यातून उपसलेला गाळ पूर्वेच्या बांधावर टाकायचा, हे दर उन्हाळ्यात ठरे. यंदाही सगळ्यांनी शेपट्या वर करून होकार दिला. तेवढ्यात टिटवी रडकुंडीला येऊन म्हणाली, “तिथं माझी अंडी आहेत हो.”

“आता मंजूर झालं, बाई,” अध्यक्ष म्हैस म्हणाली.

कासवाला वाटलं, आपण बोलावं. मग वाटलं, आपलंच काही चुकत असेल. तरी त्यानं मान बाहेर काढली. “मला जागेची पाहणी करायची आहे.”

कुणी पाहणी मागितली की तो परत येईपर्यंत काम थांबवायचं, असा सभेचा नियमच होता.

“कासवराव, तुम्ही पोचेपर्यंत पिल्लं चालायला लागतील,” बोकड हसला.

“माझाही तसाच अंदाज आहे,” कासव म्हणालं.

मग म्हशीनंच शेपटी वर केली. “पाहणी मंजूर. आणि कासवराव, सावकाश जा.”

कासव बांधावर पोचलं, तेव्हा टिटवी पिल्लांना घेऊन पाण्याकडे निघाली होती. आयुष्यभर आपल्या चालीची लाज वाटलेलं ते कासव ताठ मानेनं सभेत परतलं आणि म्हणालं, “पाहणी झाली. आता खुशाल टाका गाळ.”